हरलेला डाव आणि उरलेली मिनिटे

ऑनलाइन बुद्धिबळ खेळणाऱ्यांच्या गप्पांत एक तक्रार हमखास ऐकू येते. वजीर गेला, दोन्ही हत्ती गेले, पटावर एकटा राजा आणि एखाददुसरे प्यादे उरले, तरी समोरचा माणूस डाव सोडत नाही. याला खिलाडूपणा म्हणायचा का? माझ्या ओळखीचे बरेच जाणते खेळाडू या प्रश्नावर कपाळाला आठ्या घालतात आणि अशा माणसाला बुद्धिबळाची रीतच कळत नाही, असे म्हणून मोकळे होतात. मला त्यांचे म्हणणे पटत नाही. हरलेला डाव मातेपर्यंत खेळणे हा प्रत्येक खेळाडूचा हक्क आहे आणि तो बजावणाऱ्याने कोणाचे काही वाकडे केलेले नसते. खेळणेच थांबवून, घड्याळ चालू ठेवून समोरच्याला ताटकळत ठेवणे ही मात्र निराळी गोष्ट आहे, आणि या दोहोंची सर्रास गल्लत केली जाते.

नियमांकडे पाहिले तर फारसा घोळ उरत नाही. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, म्हणजे फिडेच्या, नियमावलीत डाव संपण्याचे जे प्रकार दिले आहेत, त्यांत मातेबरोबरच डाव सोडण्याचाही समावेश आहे. एका खेळाडूने डाव सोडल्याचे जाहीर केले की तो तिथेच संपतो. पण अमुक इतके मोहरे कमी झाल्यावर डाव सोडलाच पाहिजे, असे एकही कलम तिथे सापडत नाही. त्याच नियमावलीत प्रतिस्पर्ध्याचे लक्ष विचलित करण्यास किंवा त्याला त्रास देण्यास मात्र स्पष्ट मनाई आहे, आणि बरोबरीचे अवाजवी प्रस्ताव मांडत राहणे हेसुद्धा त्या त्रासातच मोडते. नियम करणाऱ्यांना सौजन्य हवे होते यात शंका नाही; डाव कधी सोडायचा हे मात्र त्यांनी ज्याचे त्याच्यावर सोपवले.

तरीही डाव वेळेवर सोडण्याच्या रीतीत काहीच तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. ही रीत समोरासमोर बसून, चार-चार, पाच-पाच तास चालणाऱ्या डावांतून आली. तिथे दोघे खेळाडू बहुधा एकमेकांना ओळखून असतात, डाव संपल्यावर त्याच पटावर एकत्र चर्चा करतात, आणि एकाने उगाच ताणलेला तास दुसऱ्याच्या विश्रांतीतून वजा होतो. १९७२ साली रेक्याविकमध्ये फिशर-स्पास्की सामन्याचा एकविसावा डाव अपुरा राहिला होता आणि दुसऱ्या दिवशी तो पुढे खेळायचा होता. स्पास्की त्यासाठी आलाच नाही. डाव सोडत असल्याचे त्याने दूरध्वनीवरून कळवले आणि फिशर विश्वविजेता झाला. २०२४ च्या डिसेंबरमध्ये सिंगापूरला डिंग लिरेनने विश्वविजेतेपदाच्या चौदाव्या डावात हत्तीची एक घातक खेळी केली, त्यानंतर तीनच खेळ्यांनी डाव सोडून हात पुढे केला, आणि अठरा वर्षांच्या गुकेशने डोळे पुसत पटावरचे सगळे मोहरे पुन्हा आपापल्या घरांत मांडून ठेवले. अशा प्रसंगी डाव सोडणे ही समोरच्याच्या कौशल्याला दिलेली पावती असते. फिशरला ही स्थिती जिंकता येईल की नाही, याबद्दल स्पास्कीच्या मनात शंका असण्याचे कारण नव्हते.

आता हीच पावती हजार-बाराशे रेटिंगच्या, म्हणजे बेताच्या ताकदीच्या, अनोळखी माणसाला डोळे मिटून का द्यावी? माझा पुतण्या सातवीत आहे. गणपतीच्या सुट्टीत तो आमच्या मुलुंडच्या घरी राहायला आला होता आणि टॅबवर दहा-दहा मिनिटांचे डाव खेळत बसायचा. "काकू, हा बघ ना, याच्याकडे नुसता राजा उरलाय, तरी सोडतच नाही," अशी त्याची कुरकुर ऐकून मी शेजारी जाऊन बसले. त्याच्याकडे राजा आणि वजीर होता. "नाही सोडत तर तू मात कर की," मी म्हटले. शिकवणीत सांगितलेली पद्धत त्याला पाठ होती: आपला वजीर समोरच्या राजापासून घोड्याच्या अडीच घरांवर ठेवायचा आणि राजा जिकडे सरकेल तिकडे वजीरही तेवढाच सरकवायचा, म्हणजे राजा आपोआप कडेकडे ढकलला जातो. पद्धत उत्तम आहे, फक्त ती कुठे थांबवायची हे माहीत असावे लागते. काळा राजा एच-८ या कोपऱ्यात शिरला आणि चिरंजीवांनी त्याच लयीत वजीर जी-६ वर आणून ठेवला. राजाला शह नाही, आणि जी-८, जी-७, एच-७ यांपैकी एकाही घरात जाता येत नाही. पांढरा राजा अजून पटाच्या मध्यावरच उभा होता. शह नसताना एकही खेळी करता येत नसेल तर डाव बरोबरीत सुटतो; यालाच स्टेलमेट म्हणतात. स्क्रीनवर बरोबरीची पाटी झळकली तेव्हा त्याने आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे असे पाहिले, की जणू मीच काहीतरी दाबले होते. "पण ही चीटिंग आहे!" असेही तो म्हणाला.

चीटिंग कसली? त्या अनोळखी खेळाडूने एवढेच पाहिले होते की, समोरच्याला मात देता येते का, आणि ती देता येत नव्हती. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केले असते. मग आम्ही माळ्यावरचा लाकडी पट काढला आणि राजा कोपऱ्यात शिरल्यावर वजीर सातव्या ओळीवर जरा लांब कसा ठेवायचा, कोंडलेल्या राजाला दोन घरांत ये-जा करू देऊन आपला राजा सावकाश कसा जवळ आणायचा, हे पुन्हा पुन्हा मांडून पाहिले. समोरच्याने आधीच डाव सोडला असता तर पुतण्याला विजय मिळाला असता, रेटिंगही वाढले असते, आणि आपल्याला वजिराने मात करता येत नाही हे पुढल्या एखाद्या स्पर्धेत, ऐन मोक्याच्या क्षणी, कळले असते.

"हरलेला डाव" हे शब्द आपण फार सैलपणे वापरतो, असेही मला वाटते. इंजिनने, म्हणजे स्थिती जोखणाऱ्या संगणकाने, पाच गुणांची आघाडी दाखवली म्हणजे डाव संपला, अशी सवय थेट प्रक्षेपणे पाहून अनेकांना लागली आहे. ती आघाडी दोन्ही बाजू अचूक खेळल्या तर खरी ठरणार असते, आणि आमच्या पातळीवर अचूक खेळ्यांची एवढी सुबत्ता नसते. एंडगेमच्या, म्हणजे थोडेच मोहरे उरलेल्या शेवटच्या टप्प्याच्या, पुस्तकी स्थितीतसुद्धा फसगत होते: एका बाजूकडे उंट आणि अगदी कडेचे प्यादे जास्त आहे, पण ते प्यादे ज्या घरात वजीर होणार ते घर उंट फिरतो त्या रंगाचे नाही आणि बचाव करणारा राजा त्या कोपऱ्यात आधीच पोहोचला आहे, तर तो डाव बरोबरीतच सुटतो, मग समोर कोणीही बसलेला असो. ज्याला हे ठाऊक नाही तो अशा डावात हात पुढे करून बसतो.

मोठ्यांच्याही हातून असे झालेले आहे. १९०२ साली मॉन्टे कार्लोच्या स्पर्धेत पोपिएलविरुद्ध खेळताना गेऑर्ग मार्कोला आपला उंट आता वाचत नाही असे वाटले आणि त्याने डाव सोडला. प्रत्यक्षात तोच उंट जी-१ या घरात नेला असता, तर मातेची आणि वजीर मारण्याची अशा दोन धमक्या एकाच वेळी उभ्या राहून मार्को जिंकला असता. १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये डीप ब्लू या संगणकाविरुद्धच्या दुसऱ्या डावात कास्पारोव्हने डाव सोडला, आणि सततचा शह देऊन बरोबरी साधण्याची वाट होती हे विश्लेषकांनी नंतर दाखवून दिले. उलट बाजूचे ताजे उदाहरण म्हणजे १ जून २०२५ चा नॉर्वे चेस या स्पर्धेतला गुकेश आणि मॅग्नस कार्लसन यांचा डाव. गुकेश बराच वेळ वाईट स्थितीत होता, पाहणाऱ्यांनी निकाल मनातल्या मनात लिहूनही टाकला होता. पण तो चिवटपणे एकेक खेळी करत राहिला, वेळेच्या ओढाताणीत कार्लसनचा घोडा चुकीच्या घरात गेला आणि डाव उलटला. कार्लसनने टेबलावर मूठ आपटली, मोहरे हलले, मग त्याने हात मिळवला आणि जाता जाता गुकेशच्या पाठीवर थापही दिली. जगज्जेत्याने चिवटपणा केला तर आपण टाळ्या वाजवायच्या आणि कुठल्यातरी बाराशेवाल्याने केला तर त्याला रीत शिकवायची, हा दुटप्पीपणा झाला.

आमच्या आजोबांच्या पिढीला तर हा वादच कळला नसता. जुन्या देशी पद्धतीत मात कोणी केली याइतकेच ती कशाने केली यालाही महत्त्व होते, आणि प्याद्याने केलेली मात, म्हणजे प्यादेमात, सर्वांत मानाची समजली जाई. गिरगावच्या चाळीतल्या गॅलरीत आजोबा कापडी पट अंथरून खेळत, तेव्हा मध्येच मोहरे गोळा करू पाहणाऱ्याचा हात धरून "अरे, मात तर होऊ दे" असे म्हटले जाई, कारण डाव अर्धवट सोडणारा जिंकणाऱ्याच्या तोंडचा घास काढून घेत असे. पुढे वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी १९७४ पासून सुमारे दशकभर महिलांचे राष्ट्रीय विजेतेपद घरातच ठेवले, त्यांच्या बातम्या वाचत चाळीतल्या पोरासोरांनी आंतरराष्ट्रीय नियम उचलले आणि त्यांच्याबरोबर डाव सोडण्याचा शिष्टाचारही आला. आजोबांनी तो शेवटपर्यंत स्वीकारला नाही.

मुंबईकराला तर हे निराळे समजावून सांगावे लागू नये. रणजी करंडक बेचाळीस वेळा जिंकणाऱ्या या शहराच्या क्रिकेटला "खडूस" हे विशेषण लागले आहे आणि ते आपण कौतुकाने मिरवतो. सामना हातचा गेला असताना दिवसभर खेळपट्टीवर नांगर टाकून उभ्या राहिलेल्या फलंदाजाला इथे कोणी असभ्य म्हणत नाही. जुलै २०२५ मध्ये मँचेस्टरच्या कसोटीत बेन स्टोक्सने सामना अनिर्णित मानून थांबण्यासाठी हात पुढे केला, तेव्हा जाडेजा आणि वॉशिंग्टन सुंदर यांनी तो लगेच स्वीकारला नाही, ते खेळत राहिले आणि दोघांची शतके झाली. त्या प्रसंगी आपल्यापैकी बहुतेकांची सहानुभूती कोणाकडे होती हे आठवून पाहावे. थांबू या, असे सुचवायला हरकत नाही. समोरच्याने ऐकले नाही म्हणून चिडण्याचा अधिकार मात्र त्यातून मिळत नाही. ऑनलाइन डावात चॅटच्या चौकटीत "सोड ना आता" असे लिहिणारा माणूस मला म्हणूनच जास्त खटकतो. मात दोन खेळ्यांवर असेल तर त्याने ती करावी, आणि दोन खेळ्यांवर नसेल तर डाव संपलेला नाही.

खरा उपद्रव आहे तो घड्याळाचा. दहा मिनिटांच्या डावात समजा विसाव्या खेळीला समोरच्याचा वजीर गेला. त्याच्या घड्याळात सहा-सात मिनिटे शिल्लक आहेत. तो खेळत नाही, डावही सोडत नाही. त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका तसाच असतो, म्हणजे माणूस तिथेच आहे, आणि आपण सरकत्या सेकंदांकडे पाहत बसतो. बाजूला ठेवून चहा करायला उठावे तर तेही जमत नाही, कारण यातले काही महाभाग शेवटची पाच-सात सेकंदे उरली असताना अचानक एक खेळी करतात. आपले लक्ष उडाले असेल, आपण फोन ठेवून उठलो असू, तर मग आपले घड्याळ धावू लागते आणि जिंकलेला डाव वेळ संपल्यामुळे हातचा जातो. ही युक्ती मला कित्येकदा सोसावी लागली आहे, आणि ती करणाऱ्याने पटावर एकही चांगली खेळी शोधलेली नसते. संकेतस्थळांनाही हा प्रकार ठाऊक आहे. लिचेस आणि चेस डॉट कॉम या दोन्ही ठिकाणी घड्याळ मुद्दाम जाळत बसणे आणि डाव अर्धवट टाकून निघून जाणे या गोष्टी नियमबाह्य आहेत. वारंवार असे करणाऱ्याला आधी ताकीद मिळते आणि मग काही काळ खेळता येत नाही. मातेपर्यंत खेळणाऱ्याला मात्र तिथे कोणी शिक्षा करत नाही, आणि ते योग्यच आहे.

घड्याळाच्याच अंगाने पाहिले तर डाव कधी सोडावा याचेही थोडे तारतम्य येते. प्रत्येक खेळीमागे काही सेकंदांची भर घालणारे घड्याळ फिशरने काढले आणि १९९२ च्या स्पास्कीविरुद्धच्या सामन्यात ते वापरले. आज तीन मिनिटे आणि खेळीमागे दोन सेकंद हा प्रकार फार लोकप्रिय आहे. अशी भर मिळत असेल तर जिंकणाऱ्याची वेळ संपेल ही आशा फारशी उरत नाही, कारण साधी मात करायला दोन सेकंद पुरतात. तिथे वजीर गमावलेल्या माणसाने डाव लवकर सोडला तर ते मला समजूतदारपणाचे वाटते. याउलट भर नसलेल्या तीन मिनिटांच्या डावात समोरच्याकडे आठ सेकंद उरले असतील, तर माझ्याकडे पटावर काय उरले आहे हा अर्धाच हिशेब झाला. वेळही दोघांना सारखीच मिळाली होती आणि त्याने ती खर्च करून चांगली स्थिती विकत घेतली आहे. त्याचा फ्लॅग पडला, म्हणजे वेळ संपली, म्हणून मला घाणेरड्या पद्धतीने जिंकल्याचे बोल लावणाऱ्याला मी उत्तर देत नाही. माझ्याकडे नुसता राजाच उरला असेल तर त्याची वेळ संपूनही मला विजय मिळत नाही, बरोबरीच मिळते. एवढी न्यायबुद्धी नियमांत आधीच आहे.

डाव सोडण्यातही उर्मटपणा असू शकतो, हे सहसा कोणी बोलत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये एका ऑनलाइन स्पर्धेत कार्लसनने हान्स नीमनविरुद्ध एक खेळी केली आणि दुसऱ्या खेळीच्या वेळी डाव सोडून कॅमेरा बंद केला. त्यामागची कारणे आणि पुढचे वाद हा वेगळा विषय आहे, पण त्या दिवशी डाव सोडणे हे सौजन्याचे कृत्य होते असे कोणीही म्हणणार नाही. रेटिंग मुद्दाम पाडून खालच्या गटातल्या बक्षिसांवर डोळा ठेवणारे लोकही डाव पटापट सोडतात, आणि त्यालाही संकेतस्थळांवर बंदी आहे. एक बारीक प्रकार आणखी आहे: समोरच्याने वजिराचा बळी देऊन सुरेख मातेची जुळणी केली आहे, एकच खेळी उरली आहे, आणि नेमक्या त्या क्षणी आपण डाव सोडायचा. नियमात बसते, पण मी तसे करत नाही. एवढे देखणे काम कोणी केले असेल तर शेवटची खेळी त्याला पटावर करू द्यावी.

जिंकणाऱ्याच्या वागण्याबद्दलही दोन शब्द लिहायलाच हवेत. सरळ मात दिसत असताना ती न करता उरलेली सगळी प्यादी ओळीने वजीर करत बसणारे, किंवा वजिराऐवजी मुद्दाम घोडे घेऊन समोरच्याची चेष्टा करणारे लोक हेच "समोरचा सोडत नाही" म्हणून सर्वांत जोरात ओरडतात, असा माझा अनुभव आहे. (यांतल्या काहींच्या पाच वजिरांच्या गर्दीत स्टेलमेट होते, आणि तेव्हा मला मनापासून आनंद होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.) डाव संपण्याआधीच चॅटमध्ये "गुड गेम" लिहून ठेवणेही त्याच माळेतले.

मी स्वतः डाव सोडते तेव्हा एकच गोष्ट मनात तपासते: समोरच्या खुर्चीत मी असते, माझ्याकडे त्याच्याइतकीच वेळ असती, तर ही स्थिती जिंकताना मला कुठे अडखळायला झाले असते का? नाही असे उत्तर आले तर मी लगेच सोडते, कारण मग पुढच्या खेळ्यांत मला स्वतःलाही काही शिकायचे उरत नाही. मोहऱ्यांची बेरीज-वजाबाकी मी क्वचितच करते. एका प्याद्याने मागे असलेला एंडगेम मी कधी कधी सोडून देते आणि हत्ती गेलेला डाव पुष्कळदा खेळत राहते.

याला एक अपवाद आहे आणि त्यावरून माझे आणि ऑफिसमधल्या मैत्रिणीचे नेहमी वाजते. सकाळच्या लोकलमध्ये दादरनंतर बसायला जागा मिळाली की मी एखादा डाव सुरू करते, आणि कधी तो सीएसएमटीपर्यंत संपत नाही. उतरल्यावर गर्दीत पटाकडे पाहत चालणे शक्य नसते. अशा वेळी स्थिती बरोबरीची असो किंवा माझ्या बाजूची असो, मी बरोबरीचा प्रस्ताव मांडते, आणि तो नाकारला गेला तर डाव सोडून फोन पर्समध्ये टाकते. मैत्रिणीचे म्हणणे असे की, हा शुद्ध वेडेपणा आहे. नुसता फोन बंद करावा, घड्याळ संपले की व्हायचे ते होईलच, कदाचित समोरचाच कंटाळून आधी निघून जाईल आणि गुण पदरात पडतील. हिशेब तिचा चुकीचा नाही. पण डाव मी सुरू केला होता, गाडी माझी होती आणि स्टेशनही माझेच आले होते. त्यापायी समोरच्याने चार मिनिटे स्क्रीनकडे पाहत का बसावे, या माझ्या प्रश्नाला तिच्याकडेही अजून उत्तर नाही.